चिंचेचं झाड कुठल्या राज्यात?

माझा दादा ज्या चिंचेखाली गेला, ते झाड तमिळनाडूत आहे की आंध्रात?

एवढंच विचारलं होतं मी. रविवारच्या सायकल टोळीतल्या एकेकाला धरून विचारलं. पोलिसांना विचारलं. तिथल्या गुराख्याला विचारलं. उत्तर कोणीच दिलं नाही. टोळीतल्या प्रत्येकानं एक किस्सा मात्र दिला! "ते राहू दे रे तंबी, तुझ्या दादाची एक गंमत सांगतो," असं म्हणून सुरू व्हायचे. तंबी म्हणजे धाकटा भाऊ. मी उत्तर मागायला जायचो आणि किस्सा घेऊन घरी यायचो. असे इतके साठलेत की आता कुशीवर वळलं तरी टोचतात. म्हणून सांगून टाकतो.

आधी माणसं सांगतो. चारच आहेत. म्हणजे होती.

राव काका टोळीचे म्होरके. बँकेतून रिटायर झालेले, तंजावरकडचे मराठी. त्यांची मराठी इतकी जुनी की माझी आई ती पदर सावरून ऐकते. त्यांची पुतणी गायत्री अक्का, अड्यारच्या एका शाळेत गणित शिकवते. सेल्वम अण्णा गुम्मिडिपूंडीला कारखान्यात फिटर. आणि माझा दादा, विनायक. अड्यारलाच एका ऑफिसात घरांचे प्लॅन काढायचा.

मी धनाजी. आम्ही मूळचे सांगली जिल्ह्यातले, खानापूर तालुक्यातले. आमच्या तिकडची निम्मी घरं देशभर सोनं-चांदी गाळायच्या भट्ट्यांपुढं बसलेली आहेत. मीही चेन्नईत मामाच्या गलाईच्या दुकानात बसतो. आठवीत शाळा सुटली ती सुटली. शिकायचं काम आमच्या घरात दादानं केलं, तापायचं मी.

किस्से तमिळमध्ये घडलेत, तेलुगूत घडलेत. मी ते माझ्याच मराठीत सांगतोय. चालवून घ्या.

*

टोळीत एक पद्धत होती. सगळ्यात शेवटी जो चालवतो त्याला शेपूट म्हणायचे. शेपटाकडं पंप, पंक्चरचं सामान आणि औषधाची पिशवी. सगळ्यात हळू चालवणाऱ्याच्याही मागं राहायचं आणि कोणालाही ओलांडून पुढं जायचं नाही, एवढं त्याचं काम. पण चेन्नईहून उत्तरेला निघालं की ऊत्तुकोट्टैच्या पुढं आंध्र लागतो, तिथून नागलापुरमच्या डोंगराकडं जंगलातले रस्ते. म्हणून यांनी ठरवलं होतं, तमिळनाडूत शेपूट राव काका आणि आंध्रात शेपूट सेल्वम.

का, तर त्याचाही किस्सा आहे!

एकदा राव काका आंध्रातल्या एका खेड्याजवळ एकटेच मागं राहिले. पंक्चर! पंप नेमका सेल्वमच्या सायकलला. काकांना तेलुगूचा एक शब्द येत नाही. लोक जमले. काकांनी दोन्ही हात मुठी करून वर-खाली, वर-खाली करून दाखवलं.

लोकांनी माना डोलावल्या. काकांना हाताला धरून गावातल्या हापशाखाली नेऊन बसवलं. निम्मं गाव आळीपाळीनं हापसत होतं, आणि काका खाली कपड्यांसकट!

बाकीचे शोधत आले तेव्हा एक म्हातारी काकांचं डोकं पुसत होती. दादा सायकलवरून उतरलासुद्धा नाही, हसून हसून पडलाच.

काका गंभीरपणे म्हणाले, "पाणी मात्र गोड आहे हो इथलं!"

तेव्हापासून आंध्रात शेपूट सेल्वम. त्याची बायको त्या बाजूची, तेलुगू येतं त्याला.

*

आता माझा प्रश्न कळला असेल.

ज्या रविवारी दादा गेला, त्या रविवारी राव काकांना वाटलं आंध्र लागला. ते पुढं निघून गेले. सेल्वमला वाटलं अजून तमिळनाडूच आहे. तोही पुढंच होता. त्या जंगलातल्या रस्त्यावर पाटी नाही, कमान नाही. हद्द कधी रस्त्याच्या या अंगाला, कधी त्या अंगाला. डोंगर संपल्यावर तळं लागतं, तिथं सगळे थांबतात. काका पोचले तर सेल्वम आधीच अक्काशेजारी बसलेला.

"तू इथं?" काका म्हणाले.

"तुम्ही इथं?" सेल्वम म्हणाला.

मग दोघं उलटे पळाले.

दादानं सायकल चिंचेच्या बुंध्याला नीट टेकवून ठेवली होती. बूट काढून शेजारी जोडीनं मांडले होते. ऊन लागलं, असं डॉक्टर म्हणाले. वेळेवर कोणी सावलीत घेऊन पाणी मारलं असतं तर, असंही म्हणाले आणि मग माझं तोंड बघून थांबले.

चिंच तमिळनाडूत असेल तर शेपूट राव काका. आंध्रात असेल तर सेल्वम. मला दुसरं काही नको होतं. कोणाची गचांडी धरायची, तेवढं एक नाव हवं होतं.

दवाखान्यात मी सेल्वमची धरली होती. तो जवळ उभा होता म्हणून. गायत्री अक्कानं माझे हात सोडवले आणि विचारलं, "खात्री आहे तुला?"

नव्हती.

*

सेल्वमला गाठून विचारलं तर त्यानं मला चेकपोस्टचा किस्सा सांगितला.

त्या जंगलातून रक्तचंदन चोरीला जातं. तोडायला तमिळ मजूर नेतात, आणि पकडले जातात ते मजूरच. एकदा वनखात्याच्या नाक्यावर यांच्या सायकली अडवल्या. राव काकांना जाऊ दिलं, अक्काला जाऊ दिलं, दादालाही. सेल्वमला थांबवलं. काळा, आडवा, हाताला कारखान्याचे घट्टे. "कुऱ्हाड कुठं लपवलीस?" म्हणाला गार्ड.

सेल्वम सांगतोय मी फिटर आहे. कोण ऐकतो!

दादा पुढं गेला होता, तो परत आला. सायकल आडवी टाकली आणि सेल्वमच्या शेजारी मातीत मांडी घालून बसला. म्हणाला, "मी पण लाकूडतोड्या. आम्ही जोडीनं तोडतो. घ्या आत!"

गार्डनं दादाचे हात हातात घेतले. उलटे केले, सुलटे केले. मग आपल्या माणसाला हाक मारून म्हणाला, "अरे ये, बघ! हे हात पेन्सिल उचलून दमलेत आणि हा म्हणे चंदन तोडतो!"

सगळा नाका हसला. दोघांनाही सोडलं. चहासुद्धा पाजला.

सेल्वम हे सांगताना आधी हसला, मग त्याचा चेहरा तसाच राहिला. हसू निघून गेलं आणि चेहरा तसाच! मी म्हटलं, "अण्णा, चिंच कुठल्या राज्यात?"

तो म्हणाला, "शिफ्टची वेळ झाली."

*

एक किस्सा माझाही आहे. दादानं मला एकदा ओढून नेलं होतं. "भट्टीपुढं बसून बसून तू वाळशील, चल जरा!" मामाच्या दुकानची सायकल घेतली मी, मागं कॅरिअर, पुढं दांडा, चिलखत घातल्यासारखी जड. यांच्या सायकली पिसासारख्या. मला राग आला. पहिला चढ आला तसा मी सगळ्यांना मागं टाकून सुटलो. उभं राहून पॅडल! मागून राव काका ओरडतायत, "तंबी, हळू! तंबी, पाणी!" कशाला ऐकतोय?

चढाच्या टोकाला पोचलो आणि सकाळची इडली सगळी रस्त्यावर.

दादा मागून आरामात आला. पाण्याची बाटली माझ्या डोक्यावर ओतली, टॉवेल ओला करून मानेवर ठेवला, मला झाडाखाली ओढलं. म्हणाला, "पहिला आलास धन्या! आता बक्षीस घे आणि बसनं घरी जा!"

तेव्हा मी त्याला चार शिव्या घातल्या होत्या. तो दिवसभर माझ्या मानेवरचा टॉवेल ओला करत बसला. टोळी पुढं गेली. तो गेला नाही.

*

गायत्री अक्काला विचारलं, तिनं चहावालीचा किस्सा सांगितला.

त्याच रस्त्यावर एका बाईचं चहाचं टपरं आहे. अक्का गणिताची बाई, तिला सगळं नेमकं लागतं. तिनं विचारलं, "बाई, तुमचं दुकान कुठल्या राज्यात येतं?"

बाई चहा गाळत म्हणाली, "चूल तिकडं, बाकडं इकडं."

"म्हणजे मत कुठं देता?"

"मत मागायला दोन्हीकडचे येतात. खड्डा बुजवायला म्हटलं की दोन्हीकडचे म्हणतात, आमच्यात येत नाही!"

दादानं चहाचा कप घेतला, बाकड्यावरून उठून चुलीपाशी जाऊन उभा राहिला आणि अक्काला म्हणाला, "परदेशातून बोलतोय. बिस्कीट पाठव!"

मी विचारलं, "मग त्या बाईला चिंचेचं माहीत असेल?"

"विचारलं मी," अक्का म्हणाली. "ती म्हणाली, मेलेल्या माणसाला कुठलं राज्य गं?"

*

पुढचा किस्सा मला कोणी सांगितला नाही. मी स्वतः तिथं होतो.

फोन आल्यावर मामाचं दुकान उघडं टाकून मी मोटरसायकलवर निघालो. पोचलो तर दादा चिंचेखाली, अंगावर राव काकांचा पंचा. रस्त्याच्या एका बाजूला तमिळनाडूचे पोलीस, दुसऱ्या बाजूला आंध्रचे. मध्ये माझा भाऊ.

हे म्हणत होते तुमच्या हद्दीत येतं. ते म्हणत होते तुमच्या. एकानं झाडाची सावली दाखवली, सावली आमच्यात पडते पण बुंधा तुमच्यात, म्हणाला. दुसरा म्हणाला, मग फांदी? दोघं चांगली माणसं होती हो. एकानं मला स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं. पण उचलायला कोणी तयार नाही.

मी कोणाच्या तरी अंगावर धावून गेलो असेन, नीट आठवत नाही. सेल्वमनं मला मागून आवळून धरलं होतं एवढं आठवतं.

शेवटी ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर खाली उतरला. पानाची पिंक टाकली आणि म्हणाला, "साहेब, रस्ता अरुंद आहे. माझी गाडी इथं वळत नाही. तोंड तमिळनाडूकडं आहे, मी तिकडंच जाणार!"

मग दोन्हीकडच्या पोलिसांनी मिळून दादाला उचललं.

गाडीचं तोंड जिकडं, ते राज्य! असा माझा दादा तमिळनाडूत वारला.

*

तेराव्याला टोळी घरी आली. दोघांनी पांढरे शर्ट, अक्कानं पांढरी साडी. आईनं केळीची पानं मांडली. ती स्वतः वाढत होती, कोणाला हात लावू देत नव्हती. सेल्वम काही जेवत नव्हता, भातात नुसती बोटं फिरवत होता.

आईला तमिळ भाजी घेण्यापुरतं येतं. ती भाताचं पातेलं घेऊन सेल्वमपुढं उभी राहिली आणि मराठीतच म्हणाली, "बाबा, माझ्या लेकराला मागं ठेवून तुम्ही कसं गेलासा?"

रागानं नाही हो. एखाद्याला वाट विचारावी तसं.

सेल्वमला कळलं नाही. त्यानं राव काकांकडं पाहिलं. "काय म्हणतायत अम्मा?"

राव काकांनी पानाकडं बघत सांगितलं, "आणखी भात हवा का, विचारतायत."

सेल्वमनं दोन्ही हात पानावर आडवे धरले. "पोदुम् अम्मा, पोदुम्!" पुरे, पुरे!

आईनं डाव परत पातेल्यातल्या भातात रोवला. मग म्हणाली, "बरं बाबा," आणि पुढच्या पानाकडं वळली.

*

त्या जेवणानंतर टोळी मोडली.

राव काकांनी सायकल सोसायटीच्या वॉचमनला देऊन टाकली. वॉचमननं ती परत आणून त्यांच्या दारात लावली, म्हणाला, "सर, तुम्ही खिडकीतून तिच्याकडं असं बघता, मला चालवायला भीती वाटते!" सेल्वम कामावरून सुटला की माझ्या दुकानाशी यायचा. आत यायचा नाही. भट्टीची धग लागते तिथं उभा राहायचा, घामानं भिजायचा आणि निघून जायचा. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. इतक्या वर्षांचे सोबती!

काकांना मी एकदा सरळ विचारलं, "तुम्ही होता की तो?"

काका म्हणाले, "तंबी, मी रोज सकाळी ठरवतो की मीच होतो. दुपारपर्यंत धरून ठेवतो. मग नाही रे धरवत."

हा किस्सा नाही. पण त्यांनी मला एकदाच किस्सा न सांगता काहीतरी सांगितलं, ते हे.

शेवटी गायत्री अक्का दुकानात आली. म्हणाली, "धनाजी, दोघंही मरतील असे. हद्दीवर दगड असतो. पूर्वीच्या मोजणीचा. झुडपात असेल कुठंतरी. तो सापडला तर एक तरी सुटेल."

मी म्हटलं, "आणि दुसरा?"

अक्का गणिताची बाई. ती म्हणाली, "रविवारी सकाळी निघू."

*

आम्ही चौघं गेलो. मी दादाच्या सायकलवर. राव काका आणि सेल्वम, दोघांपैकी कोणीही पुढं जाईना. एक थांबला की दुसरा थांबायचा. सगळा रस्ता असा! ट्रकवाले शिव्या देत होते.

चिंचेपाशी पोचलो. काका रस्त्याच्या एका कडेला उभे राहिले, सेल्वम दुसऱ्या. झाडाकडं दोघांचीही पाठ. अक्का मध्ये, सायकलचं हँडल घट्ट धरून.

"मी बघतो," मी म्हटलं आणि झुडपात घुसलो. कोणी मागं आलं नाही.

बाभळी, घाणेरी, काटेच काटे. शर्ट फाटला. सरपटत, रांगत खूप आत गेलो. आणि दगड होता.

गुडघ्याएवढा. कधीतरी चुना मारलेला. पावसानं माती धुपून एका अंगाला कललेला, त्याच्या खालीच ओढ्याची घळ. दोन्ही तोंडांवर अक्षरं कोरलेली. एका बाजूला तमिळ, दुसऱ्या बाजूला तेलुगू. तेलुगू मला येत नाही. पण एक बाजू वाचता आली की दुसरी कळायला शाळा लागत नाही.

मी दगडाच्या मागं उभा राहिलो आणि झाडाकडं पाहिलं. झाड कुठल्या बाजूला ते सरळ दिसत होतं. कोणालाही दिसलं असतं.

फांद्यांतून रस्ता दिसत होता. काकांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती. सेल्वम बोटांनी सायकलचा ब्रेक दाबत होता, सोडत होता, दाबत होता.

मी खाली बसलो आणि दगडाच्या बुडातली माती हातांनी उकरायला लागलो. नखं गेली. भट्टीवर काम करून माझे हात तसे निबर आहेत, तरी सोलले. मग पाठ लावली, पाय मागच्या झाडाच्या मुळाला रोवले आणि रेटला.

आधी हलला नाही. मग एकदम गेला! घळीत आपटत, आपटत, पार खाली. खड्ड्यावर मी पालापाचोळा ओढला, काट्यांच्या फांद्या टाकल्या.

"तंबी!" काकांची हाक आली. "काय पडलं रे?"

मी बाहेर आलो. अक्कानं माझ्या हातांकडं पाहिलं आणि मान फिरवली. सेल्वमनं बाटली काढून माझ्या हातांवर पाणी धरलं. काकांनी रुमाल फाडला, एक तुकडा या हाताला, एक त्या हाताला. बांधताना त्यांचा हात सेल्वमच्या हाताला लागला. दोघांनीही काढून घेतला नाही.

"दिसला का दगड?" काकांनी विचारलं.

"नाही."

"नीट पाहिलंस? आम्ही एकदा बघतो हवं तर."

सेल्वमनं सायकल झाडाला टेकवायला घेतली. मी मध्ये आडवा झालो.

"साप आहे तिथं," मी म्हटलं. "मोठा. परत कोणी यायचं नाही."